थोरल्या मामांची साखळी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट साक्षीदाराशिवाय केलेली नाही. शिंकसुद्धा नाही. शिंक येतेय असं वाटलं की ते आधी आजूबाजूला बघतात, माणूस आहे याची खात्री करून घेतात आणि मगच शिंकतात. "उद्या सर्दी जाहली तर कधीपासून, हें डॉक्टरास कोण सांगेल?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो. मग दवाखान्यात मामी साक्ष देतात, मामा शेजारी बसून मान डोलावतात आणि डॉक्टर बिचारा नाडी कोणाची बघायची या संभ्रमात पडतो.

मामा म्हणजे तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेली माणसं. मामांची सगळी नोकरी चेन्नईत गणित शिकवण्यात गेली, आणि आता नुंगंबाक्कममध्ये एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते आणि मामी राहतात. त्यांचं मराठी ऐकलं की मला, साताऱ्याच्या माणसाला, सुरुवातीला वाटायचं की कोणी बखर वाचून दाखवतंय, आणि तीही तमिळ चालीवर. मी नोकरीसाठी इकडे आलो, ऑफिसातल्या मुलीच्या प्रेमात पडलो आणि ती मराठी निघाली, म्हणून आईने साताऱ्यात पेढे वाटले. मग मला मामांसमोर उभं करण्यात आलं. मामांनी चष्म्यातून निरखून विचारलं, "तुम्हास आमची मुलगी पसंत कीं?" मी लाजत हो म्हणालो. तर हे गृहस्थ ताडकन उठले, आतून मामींना बोलावलं, समोरच्या फ्लॅटमधल्या पाटींना, म्हणजे तिथल्या आजींना, हाक मारली आणि म्हणाले, "आतां परत म्हणा." मी परत म्हणालो. पाटींना मराठी येत नव्हतं, म्हणून 'पिडिच्चिरुक्कु' असं तमिळमध्येही कबूल केलं. त्या दिवसापासून मी त्यांचा माप्पिळ्ळै, म्हणजे जावई. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

मामी मला तेव्हा आत नेऊन हळूच म्हणाल्या होत्या, "वाईट वाटून घेऊ नका हां. मजला तर चुलते, आत्या आणि पुरोहित, सगळ्यांपुढे म्हणविलं होतं. तेव्हाच 'नाही' म्हणाले असतें तर तीसुद्धा पक्की साक्ष जाहली असती." आणि खुदकन हसल्या होत्या.

या पाटींची हकिकत तर सांगायलाच हवी. मामा घराबाहेर पडताना कुलूप लावतात ते पाटींच्या डोळ्यांदेखत. कुलूप ओढून दाखवतात, पाटी आपल्या दारातून "पूट्टियाच्चु, पूट्टियाच्चु" म्हणतात, लागलं बाबा लागलं, आणि मगच मामा जिना उतरतात. एकदा पाटी लेकीकडे गेलेल्या. मामांना एका मुंजीला जायचं होतं. सोवळं नेसून, चंदन लावून हा माणूस दारात उभा, आणि साक्षीला कोणी नाही! मामी म्हणाल्या, मी आहे की. "तूं घरची. घरच्यांची साक्ष कोण धरितो?" असं म्हणून मामांनी परत आत जाऊन पंखा लावला. मुंज झाली, बटूने भिक्षा मागितली, लोक जेवून घरी गेले, आणि मामा घरातच बसून राहिले. मामी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्याला मात्र पाटी साक्षी होत्या, परत आल्याबरोबर त्यांनी सगळ्या जिन्याला सांगितलं.

कुकरचंही तेच. शिट्ट्या किती झाल्या यावर मामा-मामींचं एकमत कधीच होत नाही. मग मामा खिडकीतून खालच्या इस्त्रीवाल्याला विचारतात. तो ज्याच्या बाजूने बोलेल तो आकडा खरा. त्याचा कौल लागेपर्यंत डाळीचा लगदा झालेला असतो, पण मामा समाधानाने जेवतात, कारण लगदा बहुमताने झालेला असतो.

अशा माणसाला मी ब्लॉकचेन समजावून सांगितली. मला कुठून ती बुद्धी झाली कोण जाणे!

झालं असं की त्यांनी एकदा सहज विचारलं, "माप्पिळ्ळै, तुम्ही अंबत्तूरच्या ऑफिसांत दिवसभर करितां तरी काय?" मी म्हटलं, मामा, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग बनतात. कुठला भाग कुठल्या पोलादाचा, भट्टीत किती तापवला, कोणी तपासला, याच्या नोंदी असतात. आता ब्रेक निकामी झाला की जो तो म्हणतो, माझी नोंद बरोबर, तुझ्या वहीत खाडाखोड. म्हणून आम्ही काय करतो, तीच नोंद एकाच वेळी सगळ्यांकडे ठेवतो. पोलादवाल्याकडे, भट्टीवाल्याकडे, तपासणाऱ्याकडे, गाडीवाल्याकडे. बहुतेकांनी मान्य म्हटलं की नोंद पक्की. आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला अशी गुंफलेली असते की मागचं एक अक्षर जरी कोणी बदललं तरी पुढची सगळी साखळी बोंब मारते. खोडायची सोय नाही. चुकलं तर खाली नवी नोंद करायची, पण जुनी राहतेच.

मामा उभे राहिले. डोळ्यांत पाणी तरळलं हो त्यांच्या! "म्हणजे सगळेच साक्षीदार," ते म्हणाले, "आणि साक्ष फिरवितां येत नाही. अय्यो, हें तर मी चाळीस वर्षें करितों, आणि लोक मजला वेडा म्हणतात!" मामींनी आतून, "अजून म्हणतात," अशी दुरुस्ती केली.

पुढचा महिनाभर त्यांनी माझं डोकं खाल्लं. त्यांना घराण्यासाठी साखळी हवी होती, आणि त्याला कारणही होतं. त्यांच्या घराण्यात बाळकृष्णाचं एक जुनं तंजावरी चित्र आहे, सोन्याचा वर्ख लावलेलं. तोच त्यांचा देव. तो दर गोकुळाष्टमीला एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पाच घरं आहेत: मामा, त्यांचे अंबत्तूरला राहणारे धाकटे भाऊ, आणि तीन चुलत घरं. मामांनंतर धाकट्यांची पाळी. पण लॉकडाऊनच्या साली रस्ते बंद, देव नुंगंबाक्कमलाच राहिला, आणि पुढच्या वर्षी पाळीप्रमाणे तो तिसऱ्या घरी गेला. धाकट्यांची पाळी गेली ती गेलीच. यावर प्रत्येक लग्नकार्यात कुजबुज व्हायची. मामांना ती कायमची बंद करायची होती. मग मी एका रविवारी बसून पाच घरांच्या मोबाइलवर एक लहानशी साखळी जोडून दिली. नोंद लिहायची, बाकीच्यांना ती दिसणार, खाली एक हिरवं बटण आणि एक लाल. पाचांतल्या तिघांनी हिरवं दाबलं की नोंद पक्की. पुढे पाळीचा वाद निघायलाच नको.

पण मामा पाळीवर थांबतात होय? छे! गावाला जाण्याची नोंद, परत आल्याची नोंद, लोणचं मुरल्याची नोंद. एकदा त्यांनी 'आज सांबारांत मीठ जास्ती' असं लिहिलं आणि घराण्याने ते मान्य केलं. मामींना कळलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "माप्पिळ्ळै, हें किती दिवस राहील?" मी म्हटलं, मामी, तसं बघायला गेलं तर कायमच. मामींनी पदर खोचला, गॅस बंद केला आणि टीव्ही लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी मामांची नवी नोंद आली, 'कालचें मीठ बरोबर होतें. जीभ चुकली.' तीही मान्य झाली. आता आमच्या घराण्याच्या इतिहासात मीठ जास्तही आहे आणि बरोबरही आहे.

या सगळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. घराण्यातलं कोणीही काहीही वाचत नसे. सकाळी 'शुभ प्रभात'च्या चित्रांवर जसे आपण न बघता हात जोडतो, तसं मामांचं काही आलं की जो तो हिरवं दाबून मोकळा. मी मामांना हे सांगितलं. "वाचल्याविना साक्ष कोण देईल?" म्हणून त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

आणि मग ते भांडण झालं. देव पुन्हा मामांकडे आलेला होता. धाकट्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. त्यांनी अण्णांना, म्हणजे आमच्या मामांना, फोन केला. म्हणाले, गोकुळाष्टमीला देव माझ्याकडे येईल तेव्हा लेक सासरी गेलेली असेल. माझी एक पाळी बुडालेलीच आहे, तर या वेळी देव जरा आधी दे. पोर जन्मली त्या घरातून देवाच्या पाया पडून निघेल. किती साधं मागणं! पण मामा नियमावर अडले. पाळी म्हणजे पाळी. आज तुला आधी दिला तर उद्या तिसरा मागेल. धाकटेही चिडले, म्हणाले, देव काय तुझ्या एकट्याचा आहे? मामांनी फोन आपटला. रागारागाने मामींना म्हणाले, "यापुढें त्याच्या घरचें पाणी पिणार नाही!" रागात आपण सगळेच असं बोलतो आणि चहा होईस्तोवर विसरतो. पण मामा पडले मामा. त्यांनी मोबाइल उचलला आणि तेच्या तेच शब्द साखळीत लिहिले.

घराण्याने सवयीने हिरवं दाबलं. एक चुलत घर, दुसरं चुलत घर, तिसरं. आणि संध्याकाळी चौथं हिरवं आलं, ते अंबत्तूरचं. खुद्द धाकट्यांचं.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामा मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. "त्यानेंही मान्य केलें," एवढंच म्हणाले. मला वाटतं, धाकटा लाल बटण दाबेल, फोन करून भांडेल, निदान रडेल, अशी त्यांची कुठेतरी आशा होती. कॉफी निवून गेली आणि त्यांनी ती निवली म्हणून कोणाला दाखवलीही नाही. मला त्यांची फार दया आली.

पुढे धाकटे आणि त्यांची बायको रीतसर आमंत्रणाला आले. पत्रिकेत सगळ्यांत वर मामांचंच नाव. धाकटे सोफ्यावर ऐसपैस बसून हसत होते, मांडवाचं सांगत होते, "अण्णा, मुहूर्ताला तूं पुढें उभा राहा" म्हणत होते. मामा नुसते हूं हूं करत होते. ते गेल्यावर म्हणाले, "बघितलांत? संबंध तोडून वर पत्रिका! लोकलाजेखातर आला." पण त्यांनी ती पत्रिका देवापुढे ठेवली आणि दिवसातून कितीदा तरी उचलून बघितली. त्या पोरीला सायकल शिकवली ती मामांनीच होती.

लग्न आठवड्यावर आलं तसा मामांचा जीव वरखाली व्हायला लागला. जायचं तर आहे, पण पाणी? मामी व्यवहारी. म्हणाल्या, "तुम्ही पाणी लिहिलांत. कॉफी नाही लिहिली."

"कॉफींत पाणी असतें."

"मग बाटली घेऊन चला."

"आणि भात? भात कशांत शिजवितात? रसमांत काय असतें?" मामा खरोखरच हिशेब करत बसले. शेवटी फक्त मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, चालेल असं ठरत आलं होतं, तेवढ्यात मामींनी पीठ कशात भिजवतात ते विचारलं. मामांनी डोक्याला हात लावला. मी हसलो, तर माझ्याकडे असं बघितलं त्यांनी की हसू घशातच राहिलं. त्यांना हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही दिसतच नव्हतं. जन्मभर ज्यांनी पक्क्या शब्दाचा डांगोरा पिटला, त्यांनी भर मांडवात घराण्यादेखत शब्द मोडायचा, नाहीतर पोरीच्या लग्नात उपाशी उभं राहून सगळ्यांना तमाशा दाखवायचा.

शेवटी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "माप्पिळ्ळै, तुम्ही इंजिनीअर. तेवढी एक नोंद खोडा." मामांच्या तोंडून खोडा हा शब्द! मी त्यांना सांगितलं, मामा, एकट्याने कोणालाच खोडता येत नाही. पाचही घरं जर म्हणाली की या नोंदीच्या मागे जाऊ या आणि तिथून साखळी नव्याने सुरू करू या, तरच ते होईल. पाचही.

"म्हणजे त्यासही विचारावें लागेल?"

"त्यांनाच आधी विचारावं लागेल."

मामा उठले. मग मामींना म्हणाले, चप्पल घाल. त्या दिवशी कुलूप लावताना पाटी दारात उभ्या होत्या, पण मामांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. टॅक्सीत मी पुढे, मागे ते दोघं, आणि गाडी थेट अंबत्तूरला.

धाकट्यांच्या घरी लग्नाची धांदल. दारात केळीचे खुंट, आत नारळांची रास, आणि वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, वर खोचलेले धाकटे कोणाला तरी खुर्च्यांवरून ओरडत होते. अण्णांना बघून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "अगं, अण्णा आला! पाणी आण, पाणी!" बायको तांब्या आणि पेला घेऊन आली. मामांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"एक विचारायचें आहे. तूं हिरवें कां दाबलेंस?"

"कसलें हिरवें?"

मामींना ते सहन होईना. त्यांनी मामांचा मोबाइल घेतला, ती नोंद काढली आणि धाकट्यांच्या हातात दिली. धाकट्यांनी चष्मा शोधला, लावला, वाचलं. परत वाचलं. आतली भांडी वाजायची थांबली. "अण्णा," ते म्हणाले, "हें तूं लिहिलेंस?"

"तूं मान्य केलेंस."

"मी कुठें वाचितों रे?" धाकटे अगदी साधेपणाने म्हणाले. "तुझें काही आलें कीं मी हिरवें दाबितों. तूं लिहिलेंस म्हणजे सरीच, बरोबरच असेल कीं. त्यांत वाचायचें काय?"

आपल्यालाच वाळीत टाकणाऱ्या नोंदीवर या माणसाने मान्य म्हणून बोट ठेवलं होतं, आणि ते का, तर अण्णाने लिहिली म्हणून. मामांचा चेहरा मला बघवेना. मी नारळांकडे बघायला लागलो.

मामा इकडच्या रीतीप्रमाणे पेला ओठांना न लावता वरून पाणी पितात, थेंब सांडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पेला वर धरला आणि निम्मं पाणी शर्टावर गेलं. मग त्यांनी सरळ तोंडाला लावून तो रिकामा केला आणि आणखी मागितलं. मामी पदराने त्यांचा गळा पुसत होत्या. धाकट्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं, ते आपले "अण्णा, ऊन बाधलें काय?" म्हणून पंखा वाढवायला धावले.

"देव उद्यां आणितों," मामा म्हणाले.

"अरे, पण माझी पाळी कुठें..."

"पाळी वाचलीस काय कधीं? नाही ना? मग गप बैस."

परतताना टॅक्सीत मी मोबाइल काढून विचारलं, मामा, आजची नोंद काय करायची? आणि ती जुनी खोडायची ना, आता सगळे हो म्हणतील. त्यांनी नुसता हात हलवला. मी म्हटलं, अहो, पण मग ती खोटी ठरली की. "ठरली तर ठरली," मामा म्हणाले. मामी झोपी गेल्या होत्या, त्यांचं डोकं मामांच्या खांद्यावर होतं, आणि मामा खिडकीतून बाहेर बघत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्या माणसांकडे बघत ते एकदम म्हणाले, "तो लहानपणींही ऐसाच होता, माप्पिळ्ळै. शाळेस जातांना मी हात धरिला कीं रस्त्याकडे बघतच नसे. गाड्या येत, बैल येत, हा आपला वर आभाळांत बघून चालणार. मी किती ओरडायचों, अरे समोर बघ, समोर बघ." मग सिग्नल सुटला.